परभणीतून मोबाईलवर आकाशगंगेचा फोटो कसा काढायचा?

महागडा कॅमेराच लागतो का? नाही. 'प्रो मोड' असलेला मोबाईल आणि ट्रायपॉड पुरेसा आहे.

कधी? एप्रिल-मेमध्ये, अमावास्येच्या आसपास. जूनपासून ढग आड येतात. जिंतूरकडच्या एखाद्या अंधाऱ्या माळरानावर, सोबतीला कुणी घेऊन जा. मध्यरात्रीनंतर आग्नेय-दक्षिणेकडे बघा.

सेटिंग काय? आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ ते २० सेकंद, फोकस अनंतावर, २ सेकंदांचा टायमर.

शटर जास्त वेळ उघडं राहिलं, तर पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्याच हव्या असतील, तर उत्तरेकडे वळा. परभणीचा अक्षांश साधारण १९ अंश, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो: हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. बाकीचे तारे त्याच्याभोवती तासाला १५ अंश सरकतात.