विधवांच्या हाती आलेली विद्या : नागपूरचा मातृसेवा संघ

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर नगरीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. असहकाराच्या ठरावामुळे त्याची नोंद प्रत्येक इतिहासग्रंथात सापडते. त्यानंतर लगेच, १९२१ मध्ये, याच नगरीत कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मोजक्या खाटांचे एक प्रसूतिगृह सुरू केले. हाच मातृसेवा संघ. इतिहासग्रंथांनी त्याला क्वचितच जागा दिली. परंतु नागपुरातील घराघरांत त्याचे स्थान अधिवेशनाहून अधिक काळ टिकले.

कमलाताईंना बालपणीच वैधव्य आले होते. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा केला, तरी तिच्या पोटाचा प्रश्न तसाच राहिला. ती दिवसभर स्वयंपाकघरात राबे. पण त्या श्रमाला वेतन नव्हते, आणि कोणत्याही गणनेत तिला बेकार म्हणून स्थानही नव्हते. मंगलकार्यात तिने पुढे येऊ नये, हे मात्र सर्वांच्या लक्षात असे. महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) आणि रमाबाई रानडे यांचे पुण्याचे सेवासदन (१९०९) यांनी अशा स्त्रियांसाठी शिक्षणाची वाट काढली होती. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले.

या व्यवसायाची निवड साधी नव्हती. बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि सुईणीचे काम हलके, अशी समजूत रूढ होती. उच्चवर्णीय घरातील विधवेने ते पत्करणे म्हणजे दुहेरी मर्यादाभंग होता. परंतु याच कामात तिच्या प्रतिष्ठेची किल्ली दडलेली होती. कोंदट, अंधाऱ्या बाळंतखोलीत अस्वच्छ साधनाने नाळ कापल्यामुळे अर्भके धनुर्वाताने दगावत. बाळंतिणी सूतिकाज्वराने जात. हात धुणे, कात्री उकळून घेणे, खोलीत उजेड व हवा खेळू देणे हे नियम वरवर साधे वाटतात, तरी ते अंगवळणी पडण्यास शिस्तबद्ध प्रशिक्षण लागते. ते घेतलेली स्त्री अडलेल्या घटकेला दारात आली की ज्या घराने तिला शुभकार्यापासून दूर ठेवले, त्याच घराला नवजात जीव तिच्याच हाती द्यावा लागे. शिवणकामासारख्या उद्योगाने विधवेला चार पैसे मिळाले असते; समाजाला तिची इतकी गरज मात्र भासली नसती.

जैन समाजातही याच सुमारास असे प्रयत्न चालू होते. मगनबाई झवेरी यांचा मुंबईतील श्राविकाश्रम त्याआधीचा. आणि बिहारमधील आरा येथे, स्वतः बालविधवा असलेल्या पंडिता चंदाबाई यांनी जैन बालाविश्राम काढला, तोही १९२१ मध्येच. या दोन्ही ठिकाणी भर धर्मशिक्षण व अध्यापनावर होता. नागपूरने रुग्णसेवेची वाट धरली.

पुढे संघाच्या शाखा विदर्भात पसरल्या. प्रसूतिगृहांबरोबर परिचारिकांचे प्रशिक्षणही चालले. १९५८ मध्ये संघाने समाजकार्याचे महाविद्यालय स्थापन केले. नंदनवन या शाखेने, त्या काळी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचे कार्य हाती घेतले. ज्यांच्याकडून कोणतीच कमाई अपेक्षित नसते, अशांच्या हातांना वळण लावण्याचे हे काम म्हणजे १९२१ च्या विचाराचाच विस्तार होय. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२१ मध्ये संघाच्या स्थापनेस शंभर वर्षे पूर्ण झाली.