तात्यांचा इ-रो-हा

विषय दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बिनतारी हेरगिरीचा आहे, पण सुरुवात आमच्या वाळवा तालुक्यातल्या घराच्या सोप्यापासून करतो.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पितळी तांब्यावर चमच्यानं ठोके द्यायचे आणि आम्हां पोरांकडून म्हणून घ्यायचे: इ, रो, हा, नि, हो, हे, तो. ‘इ’ला एक आखूड आणि एक लांब ठोका. ‘हा’ला आधी लांब, मग तीन आखूड. आम्हाला तो तात्यांचा चावटपणा वाटायचा. पुढं मी पुण्यात जपानीच्या वर्गात बसलो. तिथं कळलं की इरोहा ही जपानी अक्षरांची जुनी क्रमवारी आहे. वर्गात मला घाम फुटला. सातवी पास झालेल्या, जन्मात कधी मुंबईच्या पलीकडं समुद्र न बघितलेल्या माणसाला जपानी मोर्स कुठून येत होता?

आपला नेहमीचा मोर्स इंग्रजी २६ अक्षरांचा. जपानी मोर्समध्ये अक्षरं जवळजवळ दुप्पट, आणि खुणा त्याच पण अर्थ निराळे. आखूड-लांब म्हणजे इंग्रजीत ‘ए’, जपानीत ‘इ’. म्हणजे आधी शिकलेलं कानातून पुसायचं आणि नवं बसवायचं.

तात्यांच्या डिस्चार्ज बुकात हुद्दा आहे ‘ऑपरेटर, वायरलेस’. आधी जबलपूरचं सिग्नल ट्रेनिंग सेंटर, नंतर दिल्ली. दिल्लीत कुठं, तर आनंद पर्बत. करोलबागेच्या बाजूची ती टेकडी. रामजस कॉलेजच्या तिथल्या इमारतींत सरकारनं ‘वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर’ उघडलं होतं. नाव असं, की वाटावं रेडिओदुरुस्तीचं वर्कशॉप असेल. प्रत्यक्षात ते इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कचं पूर्वेकडचं ठाणं. हजाराच्या वर माणसं: गोरे, हिंदी, लष्कराची, विमानदलाची. बराकपूर आणि बंगळूरला त्याची उपकेंद्रं, अबटाबादला आणखी एक ठाणं.

काम दोन प्रकारचं. एक पोटजात कानांची. हेडफोन लावायचा, ब्रह्मदेशातल्या जपानी स्टेशनचा बारीक आवाज खरखरीतून उचलायचा आणि चार-चार आकड्यांचे गट पेन्सिलीनं उतरवायचे. अर्थ? लिहिणाऱ्याला काहीच कळायचं नाही. दुसरी पोटजात डोक्यांची. एप्रिल १९४३ मध्ये जपानी लष्कराचा जलवाहतुकीचा कोड तिथं फुटला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनलाही फुटला. दिल्लीत तो फोडणाऱ्यांत मॉरिस ॲलन आणि विल्फ्रिड नॉईस ही दोन नावं घेतात. नॉईस म्हणजे तोच, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतला. पुस्तकांत नावं येतात ती या दुसऱ्या पोटजातीची. पण एक आकडा चुकीचा ऐकला तर नॉईससाहेबानं तरी काय फोडायचं?

आणि कोड फुटला म्हणजे काय झालं, तेही ऐका. वर्षभरानं, एप्रिल १९४४ मध्ये, शांघायहून जपानी सैन्य घेऊन जहाजांचा एक तांडा न्यू गिनीच्या दिशेनं निघाला. त्याचा मार्ग या फुटलेल्या कोडमधून अमेरिकनांना आधीच कळला होता. २६ तारखेला ‘जॅक’ नावाच्या पाणबुडीनं त्यातलं एक जहाज बुडवलं. एक अख्खी रेजिमेंट, अडीच हजारांवर माणसं. ते संदेश तात्यांनीच टिपले असं मी म्हणत नाही. पण दिल्लीतल्या त्या टेबलावरची पेन्सिल आणि तो समुद्र यांच्यात अंतर फार नव्हतं.

आता घरातली गोष्ट. माझे आजोबा, म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ, नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीला रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली, तेव्हा ते भूमिगत होते. एक भाऊ इंग्रजाला पळवायला निघालेला, दुसरा इंग्रजाच्या पगारावर. असं त्या काळी किती घरांत होतं! दुष्काळी भाग, पोटाला लागणार. पण आमच्याकडं सल वेगळाच होता.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर. पोलिसांच्या गाड्या यंत्रं घेऊन लहरीचा माग काढत फिरायच्या, म्हणून जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला गिरगावात धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा, येरवडा. आणि युद्धानंतर तात्या घरी आले ते ‘मी दिल्लीत वायरलेसवर हुतो’ एवढंच सांगत. आजोबांनी दोनाला दोन जोडले.

“आमचा रेडिओ धरणारा तूच न्हवं?”

“न्हाई दादा.”

“मग काय करत हुतास तिथं?”

“कान देत हुतो.”

“कुणाला?”

यावर तात्या गप्प. त्यांनी गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती आणि १९२३ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला. ब्लेचलीची गोष्ट खुद्द इंग्लंडमध्ये १९७४ ला उघड झाली. वाळव्याला ती कोण सांगणार? साहेब गेला, झेंडा बदलला, पण तात्यांची सही काही सुटली नाही. दोघं एका वाड्यात राहिले, एका पंगतीला बसले, पण आजोबांनी त्यांच्या हातचा विडा शेवटपर्यंत घेतला नाही. तांब्यावरचा तो खेळ म्हणजे तात्यांनी आयुष्यात मोडलेला एकमेव नियम असावा, आणि तोही ज्यांना काही कळणार नाही अशा पोरांपुढं.

माझ्या हातात डिस्चार्ज बुक आलं तेव्हा दोघंही गेले होते. भरती सप्टेंबर १९४२. जबलपूरचं शिक्षण पुढचं जवळजवळ वर्षभर. म्हणजे गिरगावात धाड पडली त्या दिवशी हा माणूस अजून बाराखडी शिकत होता, तीही इंग्रजी मोर्सची. हे तात्यांना सहज दाखवता आलं असतं. तारखा काही गुपित नव्हत्या. पण तारखा काढल्या की पुढचा प्रश्न येणार: मग दिल्लीत ऐकलंस कुणाला?

ते बुक मी आज आणलंय. तिसरं पान बघा. पहिल्या रांगेतून मागं पाठवा, फक्त शाई पुसट झालीय, तेवढं बोट लावू नका.