थकलेल्या सिस्टरची साक्ष

बारावीचा निकाल लागला की वरळीच्या बीडीडी चाळींत एक सल्ला हमखास ऐकू येतो. मुलीला नर्सिंग करायचं असेल तर कॉलेजचं माहितीपत्रक आणा, समुपदेशकाला भेटा, ओळखीच्या डॉक्टरांना विचारा. पण नोकरीतल्या नर्सला विचारू नका. ती नाइट करून दमलेली असते, आपलं रडगाणं गाते आणि पोरीचं मन मोडते. शिकली-सवरलेली माणसंही हेच सांगतात. हा सल्ला मुलींचं नुकसान करतो, म्हणून तो खोडून काढायला हवा.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. एकीचा अनुभव म्हणजे अख्खा व्यवसाय नव्हे. महापालिकेच्या वॉर्डातली नर्स, खासगी आयसीयूतली कंत्राटी नर्स आणि प्रसूतिगृहातली नर्स यांचे दिवस सारखे नसतात. शिवाय त्रासलेलं माणूस तटस्थ राहत नाही. यातला पहिला मुद्दा मला मान्य आहे. त्यावर उपाय एकच, तिघी-चौघींना विचारणं. केईएम, टाटा, वाडिया, वरळीचं कामगार विमा रुग्णालय ही सगळी चाळीच्या आसपासच आहेत.

दुसरा मुद्दा मात्र टिकत नाही. तक्रार म्हटली की ती नेमकी कसली, हे आधी पाहावं लागतं. ‘मला रक्त, लघवी, जखमेचा वास सहन होत नाही’ ही कामाबद्दलची तक्रार झाली. ‘एकटीकडे इतके पेशंट, की कुणाकडेच धड बघता येत नाही’ ही कामाची तक्रार नाही, ती रुग्णांच्या जिवाविषयीची माहिती आहे. अमेरिकेतल्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. 2014 मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांवरून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: जिथे पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे मृत्यूची शक्यता जवळपास 7 टक्क्यांनी कमी. चाळीत ज्याला रडगाणं म्हणतात, ते संशोधकांना मोजून सिद्ध करावं लागलं.

या सल्ल्यामागे आणखी एक समज दडलेला आहे. नर्सला विचारून कळण्यासारखं काही नसतंच. मार्क कमी पडले, मन हळवं आहे, तर नर्सिंग. पण डॉक्टरांचा राउंड आटोपला की पुढचे तास रुग्णाजवळ कोण असतं? ऑपरेशन झालेल्या माणसाची नाडी हळूहळू वाढतेय, रक्तदाब अजून ठीक दिसतोय, लघवी कमी झालीय, माणूस उगाच अस्वस्थ होतोय. आतून रक्तस्राव होत असेल ही शंका इथे यायला हवी आणि रात्री तीन वाजता डॉक्टरांना उठवायचं धाडसही हवं. हे हळवेपणाने जमत नाही. त्याला शरीरशास्त्र लागतं, औषधांचं ज्ञान लागतं आणि बघायला शिकलेली नजर लागते.

आपल्याच परळमध्ये याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्याच सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. अरुणांची नीट देखभाल आणि स्वतःसाठी सुरक्षित कामाची जागा त्यांनी मागितली. पुढे अरुणांना केईएममधून हलवण्याचा महापालिकेचा विचार झाला, तोही त्यांनी विरोध करून हाणून पाडला. आणि 18 मे 2015 रोजी अरुणा गेल्या तोवर, जवळजवळ 42 वर्षं, पिढ्यामागून पिढ्या त्यांची शुश्रूषा केईएमच्या नर्सेसनी केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ न देणं म्हणजे काय, हे घरात एखाद्या आजोबांचं केलेल्या माणसाला विचारा. ठरावीक वेळाने कूस बदलणं, माकडहाड, टाचा, खुबे रोज तपासणं, त्वचा कोरडी ठेवणं, आहार सांभाळणं, आणि एकही पाळी न चुकवणं. 2011 मध्ये दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. ज्यांनी संप केला त्यांच्याच परंपरेने हे करून दाखवलं. तक्रार करणारीला कामाची आस्था नसते, असं यापुढे कुणी म्हणू नये.

म्हणून विचारा, आणि नेमकं विचारा. ‘चांगलं आहे का?’ या प्रश्नातून काही हाती लागत नाही. काल रात्री आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा घेतल्यावर पहिल्या तासात काय केलंत? डॉक्टरांशी मतभेद झाला तर काय करता? कोणती चूक होईल याची सर्वांत जास्त भीती वाटते? प्रवेशाचे नियमही त्या सांगतील: बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, जीएनएम या पदविकेला कला-वाणिज्यची मुलंही जाऊ शकतात. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे मात्र फी भरण्याआधी स्वतः तपासा.

जुन्या चाळीत एका इमारतीत ऐंशी खोल्या, मधे एकच पॅसेज; नाइट करून परतलेली सिस्टर सगळ्या मजल्याला दिसायची. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना उंच इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथे दार वाजवून वेळ मागावी लागेल. मागावी, आणि आई-वडिलांनीही सोबत बसावं. नाइटला वॉर्डात किती जणी असता, कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का, पहाटे घरी येताना सोबत कोण असतं, हे प्रश्न त्यांनीच विचारायचे आहेत.