शेवटचा गुरुवार की चौथा?

ज्यांचा क्लायंट अमेरिकन दुकानदार आहे अशा आयटीवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दिवाळीला चार दिवस गावी जाता येतं. पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात रजा मागितली तर लग्नघरातल्या आचाऱ्याने मुहूर्ताच्या दिवशी सुट्टी मागावी तसा मॅनेजर बघतो. त्याच्या आधी पंधरा दिवस 'कोड फ्रीज' लागतो, म्हणजे कोणी कशाला हात लावायचा नाही. गुरुवारी अमेरिका टर्की खाऊन झोपते आणि तिथल्या पूर्व किनाऱ्यावर शुक्रवार उजाडण्याआधीच, मध्यरात्री बाराला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला, ब्लॅक फ्रायडेची झुंबड आमच्या सर्व्हरवर येऊन आदळते.

या आठवड्यासाठी जादा सर्व्हर आपोआप चालू करणारी एक छोटी स्क्रिप्ट आमच्याकडे होती. कुणीतरी २०१९ मध्ये लिहिलेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची रंगीत तालीम घेतली, तर ती सर्व्हर चालू करायची तारीख एक आठवडा उशिराची दाखवत होती. चूक सापडायला दहा मिनिटं लागली. लिहिणाऱ्याने थँक्सगिव्हिंग म्हणजे 'नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार' असं धरलं होतं. प्रत्यक्षात तो चौथा गुरुवार. २०१९ ते २०२२ या चारही वर्षी नोव्हेंबरात चारच गुरुवार होते, त्यामुळे दोन्ही व्याख्यांचं उत्तर एकच यायचं. २०२३ मध्ये गुरुवार पाच.

दुरुस्ती एका ओळीची. पण माझं डोकं दुसरीकडेच अडकलं. 'शेवटचा' हे किती साधं आहे! दसऱ्याला जसं 'आश्विन शुद्ध दशमी' म्हणतात तसं. मग 'चौथा' असं चमत्कारिक कुणी ठरवलं? त्या रात्री वाचायला बसलो आणि १९३९ पर्यंत जाऊन पोचलो. त्या वर्षीही नोव्हेंबरात पाच गुरुवार होते, तारखाही त्याच, २३ आणि ३०.

लिंकनने १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार कृतज्ञतेचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढचे बहुतेक सगळे अध्यक्ष दरवर्षी तसंच जाहीर करत आले. कायदा असा नव्हताच, नुसती वहिवाट. दुसरी एक वहिवाट दुकानदारांची होती: थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसची सजावट आणि जाहिरात करायची नाही, ते हावरटपणाचं दिसतं. म्हणजे थँक्सगिव्हिंग ३० तारखेला आला की ख्रिसमसच्या धंद्याचा एक आख्खा आठवडा बुडाला.

मंदीच्या काळात एक आठवडा ही छोटी गोष्ट नव्हे. १९३३ मध्येही पाच गुरुवार आले होते. तेव्हा दुकानदारांनी रूझवेल्टकडे तारीख अलीकडे घेण्याची विनंती केली होती आणि त्याने ती नाकारली होती. १९३९ मध्ये मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या संघटनेने पुन्हा लकडा लावला. ओहायोतल्या लाझारस स्टोअर्सचे फ्रेड लाझारस धाकटे हे त्यातलं ठळक नाव. या वेळी अध्यक्ष मानले. ऑगस्टमध्ये सुट्टीवर असताना त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की यंदा थँक्सगिव्हिंग २३ तारखेला.

आणि देश भडकला. १९३६ ची निवडणूक रूझवेल्टविरुद्ध हरलेल्या आल्फ लँडनने या एकतर्फीपणाची तुलना थेट हिटलरशी केली. अटलांटिक सिटीच्या महापौराने या नव्या सणाचं 'फ्रँक्सगिव्हिंग' असं बारसं केलं. फुटबॉलच्या प्रशिक्षकांचे सामने ३० तारखेला ठरलेले होते. कॅलेंडर छापणाऱ्यांची तर दैनाच, कारण त्यांचा माल आधीच छापून तयार होता. गॅलपच्या पाहणीत ६२ टक्के लोक विरोधात निघाले. शेवटी ४८ राज्यांपैकी २३ राज्यांनी नवा दिवस पाळला, २२ राज्यांनी जुना, आणि टेक्सससारख्या उरलेल्यांनी दोन्ही. एक कुटुंब दोन राज्यांत विखुरलेलं असेल तर बापाची सुट्टी एका गुरुवारी आणि मुलाची दुसऱ्या.

इथवरची गोष्ट गमतीची म्हणून बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. मला थांबवलं ते रूझवेल्टला आलेल्या पत्रांमधल्या एका पत्राने. ब्रुकलिनमध्ये पुरुषांच्या कपड्यांचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका माणसाने घोषणेनंतर लगेच ते लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्हा लहान दुकानदारांना सण आहे तिथेच बरा. दिवस कमी असले की मोठ्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि मग तिथे न मावलेलं गिऱ्हाईक गल्लीतल्या दुकानाकडे वळतं. आमचा ख्रिसमस त्या ओव्हरफ्लोवर चालतो.

लोड बॅलन्सिंग करणाऱ्या माणसाला हे वाचून कसं वाटलं असेल ते बघा. मोठ्या दुकानाची क्षमता अपुरी पडणं हेच लहान दुकानाचं पोट होतं. आठवडा वाढवून मिळाल्यावर तीच गर्दी मोठ्या दुकानात आरामात मावणार होती. सरकारने फुकटात त्यांची क्षमता वाढवून दिली, असं म्हणा. अध्यक्षांनी सण हलवला याचा राग धर्माचा होता, परंपरेचा होता, रिपब्लिकन लोकांचा राजकीयही होता. पण या दुकानदाराचा राग निव्वळ हिशेबाचा होता, आणि हिशेब बरोबर होता.

तो एकटाही नव्हता. त्या दशकात अमेरिकेत 'मोठ्यां'विरुद्धची चीड शिगेला पोचली होती. ए अँड पी या किराणा साखळीची १९३० च्या सुमारास पंधरा हजारांवर दुकानं होती. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये हेन्डरसन नावाचा एक गृहस्थ स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून रात्र रात्र साखळी दुकानांना शिव्या घालायचा आणि लोक कान देऊन ऐकायचे. दोन डझनांहून अधिक राज्यांनी साखळी दुकानांवर खास कर बसवले. टेक्ससचे खासदार राइट पॅटमन यांनी १९३६ मध्ये मोठ्यांना मिळणाऱ्या खास सवलतींना चाप लावणारा कायदा मंजूर करून घेतला. मग साखळ्यांचा गळाच आवळणारा करही आणायचा प्रयत्न केला, तो मात्र फसला.

माझी सहानुभूती इथवर पूर्णपणे गल्लीतल्या दुकानाकडे होती. मग मी आणखी मागे गेलो आणि पंचाईत झाली.

साखळ्यांच्या आधी लहान दुकानदारांचा शत्रू होता टपाल. माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये कॅटलॉग काढला, पाठोपाठ सिअर्स आलं. १८९६ पासून सरकारी टपाल खेड्यात घरपोच जायला लागलं आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलही. गावातल्या दुकानदारांनी जीव खाऊन विरोध केला. काही गावांत कॅटलॉगच्या होळ्या झाल्या. पोरांनी घरातला कॅटलॉग आणून दिला तर त्यांना बक्षीस मिळे. शेजारपाजाऱ्यांना आणि दुकानदाराला कळू नये म्हणून सिअर्स कंपनी माल नाव न छापलेल्या साध्या वेष्टनात पाठवायची. (सांगलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जनरल स्टोअर्स आहे. मालकांना मी लहानपणापासून काका म्हणतो. ऑनलाइन मागवलेला मिक्सर येणार होता तेव्हा आईने डिलिव्हरीच्या मुलाला फोनवर मागच्या बोळातून यायला सांगितलं. तिने सिअर्सचं नावही ऐकलेलं नाही.)

पण दक्षिणेकडच्या राज्यांत गावातलं दुकान म्हणजे नुसतं दुकान नव्हतं. तिथे काळ्या कुळांना उधारीवर माल मिळे. भाव आणि व्याज दुकानदार ठरवी. कित्येकदा दुकानाचा मालक आणि जमिनीचा मालक एकच असे. गोऱ्या गिऱ्हाइकांचं आटपेपर्यंत काळ्यांनी थांबायचं, आणि कुणाला कोणत्या प्रतीचा माल द्यायचा हेही दुकानदारच ठरवणार. कॅटलॉगला यातलं काही दिसत नसे. छापलेली किंमत सगळ्यांना सारखी. कागदावर मागणी लिहायची, पैसे पाठवायचे, माल घरी. म्हणूनच तिथल्या दुकानदारांनी एक अफवा पसरवली: सिअर्स आणि वॉर्ड हे मुळात काळे आहेत. गोऱ्यांनी त्यांच्याकडून काही मागवू नये, हा हेतू.

पुढे सिअर्सचे अध्यक्ष झालेले जूलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सोबतीने दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या करायला पैसा दिला. म्हणून सिअर्स म्हणजे संत असं नव्हे. धंदा तो धंदाच. पण ज्या माणसाला गल्लीतल्या दुकानात मान खाली घालून उभं राहावं लागतं, त्याला दूरच्या अजस्र कंपनीचा चेहरा नसणं हीच मोठी सोय वाटू शकते. ब्रुकलिनच्या दुकानदाराचा हिशेब बरोबर होता आणि मिसिसिपीतल्या कुळाचाही. हे दोन हिशेब एका ओळीत मांडून बेरीज करायचा मी प्रयत्न केला. ती होत नाही.

काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलींची गोष्टही यात येते. न्यूयॉर्कच्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ख्रिसमसच्या आधीचे दिवस म्हणजे रात्री उशिरापर्यंत उभं राहणं. जोसेफिन शॉ लोवेल यांच्यासारख्या बायकांनी १८९१ मध्ये कंझ्युमर्स लीग काढली. कामगारांना बरं वागवणाऱ्या दुकानांची त्या 'पांढरी यादी' छापत. १८९९ पासून राष्ट्रीय लीगची धुरा फ्लोरेन्स केली यांच्याकडे आली. त्यांच्या एका मोहिमेचं म्हणणं अगदी साधं होतं: खरेदी लवकर करा. शेवटच्या आठवड्यात झुंबड केलीत तर त्या मुलींचे हाल होतात.

दुकानांनी ही घोषणा आनंदाने उचलली आणि स्वतःच्या जाहिरातीत छापली. १९३९ पर्यंत 'लवकर' या शब्दातून त्या मुली गायब झालेल्या होत्या. आता लवकर म्हणजे जास्त. हा बदल नेमका कोणत्या वर्षी झाला असं बोट ठेवून दाखवता येत नाही. कदाचित पहिल्याच जाहिरातीत झाला असेल.

आणि एवढा गदारोळ करून मिळालं काय? १९४० आणि १९४१ मध्येही रूझवेल्टने सण अलीकडेच ठेवला. तोवर वाणिज्य खात्याच्या पाहणीत दिसून आलं होतं की विक्रीत फारसा फरक पडलेला नाही. लोकांनी तेवढाच पैसा जरा आधी खर्च केला होता. १९४१ च्या मे महिन्यात अध्यक्षांनी प्रयोग फसल्याचं कबूल केलं. प्रतिनिधिगृहाने 'शेवटचा गुरुवार' असा ठराव केला. सिनेटने पाच गुरुवारांच्या वर्षांचा विचार करून त्यात 'चौथा' अशी दुरुस्ती केली. २६ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरला तीन आठवडेही झालेले नसताना, रूझवेल्टने त्यावर सही केली. टेक्ससने तरीही पाच गुरुवार आले की शेवटचाच पाळायचा हट्ट १९५६ पर्यंत सोडला नाही.

म्हणजे 'चौथा' ही एक तडजोड आहे. सण ३० तारखेला कधीच जाणार नाही, एवढं मोठ्या दुकानांच्या पदरात पडलं. ज्या नफ्यासाठी ते मागितलं, तो मात्र पाहणीत सापडला नव्हता.

ब्लॅक फ्रायडे हा शब्दही दुकानदारांचा नव्हे. आम्हाला कामाला लागताना सांगितलं होतं की या दिवशी दुकानांचा ताळेबंद तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत येतो, म्हणून 'ब्लॅक'. ही नंतर जोडलेली व्युत्पत्ती. फिलाडेल्फियाचे पोलीस १९५० आणि ६० च्या दशकांत थँक्सगिव्हिंगनंतरच्या गर्दीला आणि वाहतूक कोंडीला वैतागून ते नाव वापरायचे. १९६१ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याऐवजी 'बिग फ्रायडे' रुजवायचा प्रयत्न केला. लोकांनी ऐकलं नाही. शेवटी शिवीलाच चांगला अर्थ चिकटवण्यात आला.

सिअर्सने आपला मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला, म्हणजे घरबसल्या खरेदीचा पुढचा जमाना सुरू होण्याच्या अगदी तोंडावर. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्क्रिप्टमधली ती ओळ मी बदलली, 'शेवटचा' काढून 'चौथा' केला. वर चार ओळींची टीप लिहिली: १९३९, पाच गुरुवार, १९४१ चा कायदा, सिनेटची दुरुस्ती. रिव्ह्यूमध्ये आमच्या लीडने ती टीप उडवली आणि खाली लिहिलं, "इतिहास नको, टेस्ट लिही." मी टेस्ट लिहिली. त्यात इनपुट म्हणून १९३९ टाकलं. उत्तर २३ नोव्हेंबर आलं. टेक्सससाठी वेगळी टेस्ट लिहायचा मोह मात्र आवरला.