संगणकविषयक पदवीची निवड (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात बारावीनंतर संगणकविषयक पदवीचे प्रमुख मार्ग तीन आहेत: संगणक अभियांत्रिकी (बी.ई. किंवा बी.टेक.), संगणकशास्त्रातील बी.एस्सी. आणि बी.सी.ए. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असून प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या गुणांवर केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. प्रथम वर्षात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यामिकी, अभियांत्रिकी आलेखन असे सर्व शाखांना सामाईक विषय येतात. केवळ प्रोग्रॅमिंगच्या ओढीने आलेल्यांची येथे अनेकदा निराशा होते. बी.एस्सी.मध्ये संगणकासोबत भर गणित व संख्याशास्त्रावर असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिक्सही आहे.

खरा निर्णय बहुधा दहावीनंतरच होऊन जातो, कारण अकरावी-बारावीला गणित सोडल्यास संगणक अभियांत्रिकीचा नेहमीचा मार्ग बंद होतो. बी.सी.ए.ला मात्र कला व वाणिज्य शाखांतूनही प्रवेश मिळतो. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू झाली.

बी.सी.ए.नंतर एम.सी.ए. केल्यास एकूण पाच वर्षे लागतात, एम.सी.ए.चा कालावधी २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. गेट परीक्षेत संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान यांची प्रश्नपत्रिका एकच असते.