कृत्रिम भाषांतील ध्वनिपरिवर्तन

मुद्दाम रचलेल्या व पुढे वापरात रुळलेल्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत घडणारा वा घडविलेला बदल. नैसर्गिक भाषेचे ध्वनी पिढ्यान्‌पिढ्या नकळत पालटतात. कृत्रिम भाषेत निर्माता ते ठरवू शकतो. परंतु भाषा लोकांच्या हाती गेल्यावर त्याचा अधिकार उरत नाही.

योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने १८७९ मध्ये व्होलाप्यूक ही भाषा रचली. चिनी लोकांना व मुलांना उच्चारण्यास जड म्हणून त्याने ‘र’ हा ध्वनी शक्यतो टाळला. त्यामुळे इंग्रजी ‘वर्ल्ड’पासून ‘व्होल’ (जग) हा शब्द तयार झाला व अनेक शब्दांचे मूळ ओळखू येईनासे झाले. १८८९ च्या पॅरिस परिषदेनंतर सुधारणांच्या वादांत ही चळवळ विस्कटली. आरी दे योंग या डच अभ्यासकाने १९३१ मध्ये ‘र’ला अधिक वाव दिला, पण तोवर भाषिक थोडेच उरले होते.

झामेनहॉफच्या एस्पेरांतोत (१८८७) २८ अक्षरे असून त्यांपैकी सहांवर चिन्हे आहेत. मराठीत ‘चमचा’ व ‘चिमणी’ यांतील भिन्न ‘च’कार एकाच अक्षराने लिहिले जातात, एस्पेरांतोत अशा दोन ध्वनींना दोन अक्षरे आहेत. १८९४ मध्ये झामेनहॉफने स्वतःच चिन्हांकित अक्षरे वगळण्यासह सुधारणा सुचविल्या. भाषिकांनी त्या बहुमताने नाकारल्या. १९०५ मध्ये बूलोन्य येथील परिषदेने मूलाधार ग्रंथ अपरिवर्तनीय मानला. १९०७ मध्ये पुढे आलेल्या इदो या सुधारित भाषेने ही चिन्हे व घर्षक ‘ख़’ (उर्दू ‘ख़बर’मधील) काढून टाकले, तथापि बहुसंख्य भाषिक एस्पेरांतोतच राहिले.

हाच ‘ख़’ पुढे एस्पेरांतोतही मागे पडला, मात्र कोणाच्या आदेशाने नव्हे. ‘मोनार्ख़ो’ (राजा) शेजारी ‘मोनार्को’ रूढ झाले. ‘ख़ोरो’ (गायकवृंद) मात्र सहज बदलता येईना. कारण ‘कोरो’ म्हणजे हृदय. ‘ख़िनो’ (चिनी माणूस) याचे ‘किनो’ केल्यास चित्रपट असा अर्थ झाला असता. म्हणून ‘चिनो’ हे रूप स्वीकारले गेले. जुनी रूपे रद्द न करता नवी त्यांच्यासोबत वापरता आल्याने पूर्वीचे ग्रंथ वाचनीय राहिले व भाषिकसमाज दुभंगला नाही.

यावरून रुळलेल्या कृत्रिम भाषेतही ध्वनिपरिवर्तन टिकते ते वापराच्या बळावर, हे स्पष्ट होते.