भांड्यावरचे नाव

आपल्या घरातील एखादे जुने पितळी पातेले माळ्यावरून काढून पाहावे. कडेला आहेर देणाऱ्याचे नाव कोरलेले आढळते. भांडे आपल्यामागे उरणार, असा भरवसा त्या चार अक्षरांत आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईपासून हाच भरवसा घडवीत आली. कल्हईवाल्याने नवसागर टाकून कथलाचा हात फिरवावा, म्हणजे ताक कळकत नसे. भांडे फुटलेच, तर मोडीत घालून नवे घ्यावे. टाकून देण्याची गोष्टच नव्हती.

पुढे ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले. कल्हईची यातायात वाचली, घासणाऱ्या हातांना विसावा मिळाला. हा उपकार आम्ही नाकारीत नाही. १९३८ साली अमेरिकेत टेफ्लॉन सापडले आणि १९५६ साली फ्रान्समध्ये त्याचा लेप दिलेल्या तव्यांची कंपनी निघाली. लेप गेला की तवा निकामी. त्या लेपाच्या निर्मितीत पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन तर २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या निषिद्ध यादीत गेले.

म्हणून खवय्या स्नेह्याला भेट द्यायची झाल्यास आम्ही एकच कसोटी लावू. बिडाचा तवा असो, स्टीलची कढई असो की कल्हईचे पातेले. ज्यावर आपले नाव कोरावेसे वाटेल, तेच द्यावे.